चकलीच्या भाजणीची ऑनलाइन जाहिरात : घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत

नवरात्र बसलं की इन्स्टाग्रामवर एकच जाहिरात शंभर नावांनी फिरायला लागते. आकाशकंदील, पणत्यांची रांग, नथ घातलेली हसरी बाई, सनईचा तुकडा आणि शेवटी लोगो. त्या लोगोवर अंगठा ठेवून पाहा. जाहिरात बँकेची आहे, साडीच्या दुकानाची की फराळाची, काही सांगता येत नाही. पैसे खर्च होतात, दिवाळीची जाहिरात होते, मालाची होत नाही.

हा लेख छोट्या ब्रँडसाठी आहे. घरातून किंवा एखाद्या गाळ्यातून माल बनतो, दोन-चार माणसं कामाला आहेत, जाहिरात एजन्सी परवडत नाही, पण व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवरून धंदा वाढवायचा आहे, अशांसाठी. उदाहरणाला एकच माल धरतो, चकलीची भाजणी. मसाला, उदबत्ती, साबण किंवा लोणचं असेल तरी कामाचा क्रम हाच राहतो.

आधी अडचण शोधा, मग कल्पना

‘आमची भाजणी उत्तम आहे’ ही कल्पना नव्हे, हे प्रत्येक जण म्हणतो. घ्यायची इच्छा असून गिऱ्हाईक कुठे थांबतं, ते शोधायचं. त्यासाठी सर्व्हे करणाऱ्या कंपनीची गरज नाही. गेल्या दिवाळीतले स्वतःचे व्हॉट्सअ‍ॅप संवाद उघडा आणि लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. मग ॲमेझॉन-फ्लिपकार्टवर इतरांच्या भाजणीखालचे एक आणि दोन तारेवाले अभिप्राय वाचा. पाच तारेवाले सोडून द्या, त्यात ‘छान आहे’ याच्यापुढे काही नसतं.

भाजणीच्या बाबतीत यादी साधारण अशी निघते : पीठ गेल्या वर्षीचं तर नाही ना? चकली तेलात विरघळते. दुसऱ्या दिवशी मऊ पडते. मोहन किती घालायचं ते पाकिटावर नीट लिहिलेलं नाही. आई करायची तशी होत नाही. अर्ध्या किलोला एवढं कुरिअर?

यातली कुरिअरची तक्रार पैशाची आहे, ती हिशेबात सोडवू. ताज्या पिठाची शंका दळणाची तारीख ठळक छापली की मिटते. उरतात त्या बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरतात. गिऱ्हाइकाला पिठाची भीती नाही, चकली बिघडण्याची भीती आहे. पाच माणसांचा फराळ, ऑफिसातून आल्यावर रात्री घातलेला घाट आणि कढईत चकलीचा चुरा. ही भीती घालवणारी जाहिरात चालेल. ‘पारंपरिक चव’ म्हणणारी दोनशे जाहिरातींत हरवेल.

मोठ्यांनी हेच केलंय

गाजलेल्या भारतीय जाहिराती आपण गाण्यांनी आणि चेहऱ्यांनी लक्षात ठेवतो. त्या कुठली अडचण सोडवत होत्या हे पाहिलं तर जास्त शिकायला मिळतं.

निरमा आली आणि कपड्यांच्या पावडरीचा भावच बदलला. त्या शेजारी सर्फ फार महाग दिसायला लागली. १९८०च्या दशकात लिंटास या जाहिरात कंपनीत अलेक पदमसी यांनी ललिताजी आणली. कविता चौधरी यांनी रंगवलेली ती बाई भाजी निवडताना घासाघीस करते आणि सर्फ मात्र महाग असूनही घेते, कारण स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला फरक तिला कळतो. महाग असल्याचा आरोप टाळला नाही, काटकसरी बाईच्याच तोंडून त्याला उत्तर दिलं.

पेंढरकरांच्या विकोने उलट बाजूने हेच केलं. हळदीचं क्रीम म्हणजे आणखी एक सौंदर्यप्रसाधन, असं कुणाला वाटू नये म्हणून ‘नहीं कॉस्मेटिक’ थेट गाण्यातच घातलं. हे उत्पादन आयुर्वेदिक औषध की प्रसाधन, हा वाद कंपनी करांच्या संदर्भात कोर्टातही लढली. तिथे वकील जे म्हणत होते तेच जाहिरात म्हणत होती. गाणं इतकं टिकलं त्यात या सुसंगतीचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं.

कॅडबरीपुढे १९९०च्या दशकात अडचण होती की चॉकलेट पोरांचं खाणं समजलं जायचं. म्हणून क्रिकेटच्या मैदानात नाचत धावणारी तरुणी दाखवली, लहान मूल नाही. २००३ साली महाराष्ट्रात चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा अडचण विश्वासाची होती. तिथे नुसती जाहिरात पुरणार नव्हती. आधी वेष्टन बदललं, मग अमिताभ बच्चन बोलले. हा क्रम लक्षात ठेवा. मालात खोट असेल तर जाहिरात ती खोट जास्त लोकांपर्यंत पोचवते.

भाजणीसाठी कल्पना

बिघडण्याच्या भीतीला उत्तर द्यायचं तर वचन असं : ‘चकली जमेपर्यंत आम्ही सोबत.’ हे वाक्य नुसतं लिहून भागत नाही, त्यामागे काहीतरी खरं उभं करावं लागतं.

एक, पाकिटात मोहनाचं माप द्या. एका पाकिटाला किती तेल आणि किती पाणी, हे रेघ मारलेल्या छोट्या कपाने सांगा. ‘अंदाजाने घाला’ हे वाक्य कायमचं हद्दपार. दोन, वसुबारसेच्या आधीचे आठ-दहा दिवस संध्याकाळी सात ते दहा एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर चालू ठेवा. ‘चकली बिघडली? काकूंना फोटो पाठवा.’ काकू म्हणजे तुमच्याकडची खरी जाणती बाई. तिला त्या तासांचे वेगळे पैसे द्यायचे.

फोटो आला की ती सांगणार : तेलात विरघळतेय, मोहन जास्त झालंय, थोडी कोरडी भाजणी मिसळा. तुकडे पडतायत, पीठ घट्ट आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. बाहेरून लाल आणि आतून मऊ, आच मोठी आहे. तेल पितेय, तेल पुरेसं तापलेलं नाही.

हे चार प्रश्न म्हणजे चार रील. कल्पना, सेवा आणि मजकूर तिन्ही एकाच ठिकाणाहून निघाले. आणि बिघडलेली चकली दाखवायला फराळाचे ब्रँड धजत नाहीत, म्हणून लोगो झाकला तरी ही जाहिरात तुमचीच राहते.

हिशेब, जाहिरातीच्या आधी

खालचे आकडे नमुन्याचे आहेत, जागी स्वतःचे घाला. एक किलोचं पाकीट ३९९ रुपयांना. कच्चा माल आणि दळण १५०, पॅकिंग २५, कुरिअर ७०, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) ९, कर साधारण १९. उरले १२६. एक ऑर्डर मिळवायला १२६ रुपयांपेक्षा जास्त जाहिरात झाली की तुम्ही दिवाळीला घरचे पैसे वाटताय.

आता समजा एक क्लिक ५ रुपयांना पडली आणि शंभरातल्या तिघांनी घेतलं. ५०० भागिले ३, म्हणजे एका ऑर्डरला १६७. तोटा. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरात खर्चावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो वेगळाच. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांनी जाहिरात खात्यात आपला नंबर भरून ठेवावा आणि तो कर परत कसा मिळवायचा ते सीएला विचारावं.

इथे बरेच जण क्लिक स्वस्त करायच्या मागे लागतात. मी आधी ऑर्डर मोठी करेन. चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ आणि कडबोळ्याची भाजणी मिळून ७४९चा डबा. माल ३००, पॅकिंग ४०, कुरिअर ९५, गेटवे १५, कर ३६. उरतात २६३. कुरिअर दुप्पट होत नाही, तिथेच पैसा सुटतो. आता १६७ची ऑर्डर परवडते. अर्ध्या किलोचं पाकीट ऑनलाइन विकूच नका, ते दुकानात ठेवा.

कॅश ऑन डिलिव्हरी ठेवायची तर आरटीओ, म्हणजे न घेता परत आलेली पार्सलं, हिशेबात धरा. जाण्यायेण्याचं भाडं तुमच्यावर आणि दिवाळीनंतर परत आलेली भाजणी पुन्हा विकता येत नाही. आधी पैसे भरणाऱ्याला चाळीस रुपयांची सूट देणं त्याहून स्वस्त.

तारखा उलट्या मोजा

घटस्थापना ते लक्ष्मीपूजन म्हणजे आश्विनातली पहिली तिथी ते शेवटची, बरोबर एक चांद्रमास. मोहिमेला याहून सोयीची चौकट नाही.

पितृपक्षात लोक सणाची खरेदी टाळतात. तेव्हा शूटिंग, पाकिटांची छपाई आणि कॅटलॉग उरकून घ्या. परदेशी पार्सलांची विक्री मात्र याच काळात किंवा त्याही आधी करावी लागते. न्यू जर्सीतल्या भाचीला दिवाळीआधी भाजणी मिळायची असेल तर दसऱ्याला पाठवून भागेल याची खात्री नसते. शिवाय कुठल्या देशात कुठलं खाद्य जातं ते कुरिअरवाल्याकडून लेखी घ्या.

नवरात्रात मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांचे सेल असतात आणि त्यांचा पैसा जाहिरातीच्या जागांच्या त्याच लिलावात उतरतो ज्यात तुमची जाहिरात बोली लावते. साहजिकच दर चढतात. म्हणून नव्या माणसांपर्यंत पोचण्याचा खर्च भाद्रपदात, गणपतीच्या आसपास करा. ‘काकूंच्या टिपा’चे रील तेव्हाच सोडा, विक्रीचा शब्द न काढता. ज्यांनी ते निम्म्याहून जास्त पाहिले त्यांचा गट जाहिरात खात्यात तयार करता येतो. कोजागिरीनंतर विक्रीची जाहिरात आधी त्यांनाच दाखवा.

शेवटची ऑर्डर घेण्याची तारीख आज ठरवा आणि पाळा. वसुबारसेला ऑर्डर घेऊन भाऊबीजेला पोचवलेली भाजणी म्हणजे पुढच्या वर्षीचे एक तारेवाले अभिप्राय.

रील कसं बांधायचं

पहिले दोन-तीन सेकंद सगळं ठरवतात. नमस्कार, स्वागत आहे, आज आपण पाहणार आहोत, यातलं काही नको. पहिल्याच फ्रेमला कढईत विरघळणारी चकली आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात : ‘मोहन जास्त झालं.’ बघणारी थांबते, कारण तिच्याही कढईत असं झालंय.

पंचवीस सेकंदांचा एक नमुना देतो.

० ते ३ सेकंद : विरघळणारी चकली, जवळून. काकूंचा आवाज, ‘ही मोहनाची करामत.’
३ ते १२ : काकू मळलेल्या पिठात मूठभर कोरडी भाजणी घालतात. ‘घाबरायचं नाही. पीठ फेकायचं नाही. एवढी मिसळा, परत मळा.’
१२ ते १९ : सोऱ्यातून चकली, तेलात, बाहेर. काटे दिसले पाहिजेत.
१९ ते २३ : चकली मोडल्याचा आवाज. संगीत इथे बंद.
२३ ते २५ : पाकीट, मापाचा कप, ‘बिघडली तर फोटो पाठवा’.

मोबाइल उभा धरून, खिडकीच्या उजेडात हे घरी शूट होतं. आवाजासाठी मात्र कॉलरचा छोटा माइक घ्या. चित्र जरा धूसर असलं तरी लोक बघतात, आवाज फाटला की पुढे जातात. मजकूर पडद्यावर हवाच, कारण कितीतरी लोक आवाज बंद ठेवून बघतात. खालची पट्टी आणि उजवा कोपरा ॲपची बटणं झाकतात, तिथे अक्षरं ठेवू नका.

काकूंची बोली सुधारायला जाऊ नका. कोल्हापूरच्या असतील तर कोल्हापूरच्याच बोलू द्या. ‘अप्रतिम स्वाद आणि अतुलनीय गुणवत्ता’ असं कुणी स्वयंपाकघरात बोलत नाही.

चाललेलं गाणं टाकण्याचा मोह होतो. व्यवसाय खात्यांना ॲपमधली सगळी गाणी वापरायचा हक्क नसतो आणि जाहिरातीत चित्रपटगीत वापरलं तर गाण्याचे हक्क असलेली कंपनी नोटीस पाठवू शकते. कढईचा आवाज फुकट आहे. ताज्या बातमीवर स्वार होण्याचंही तसंच. अमूल १९६६पासून तेच करतेय हे खरं, पण ती तीच मुलगी, तीच धाटणी साठ वर्षं सांभाळून. २०२१च्या टोकियो ऑलिंपिकनंतर पी. व्ही. सिंधूचं नाव आणि फोटो परवानगीशिवाय वापरणाऱ्या ब्रँडना तिच्या व्यवस्थापन कंपनीने कायदेशीर नोटिसा पाठवल्या होत्या. अभिनंदनाची पोस्टसुद्धा लोगो लागला की जाहिरात होते.

पैसे लावताना

‘बूस्ट’चं निळं बटण दाबू नका. त्यातून बहुतेक वेळा लाइकच मिळतात. ॲड्स मॅनेजर, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी मेटा हिचं जाहिराती लावायचं पान, उघडा आणि उद्दिष्ट म्हणून विक्री किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश निवडा. यंत्रणा तुम्ही मागाल तेच आणून देते. वेबसाइट असेल तर पिक्सेल, म्हणजे साइटवर कोण आलं आणि काय घेतलं ते मेटाला कळवणारा कोड, महिनाभर आधी बसवा, नसेल तर क्लिक केल्यावर थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडणारी जाहिरात पुरते.

त्याआधी मेटाची ॲड लायब्ररी बघा. कुठल्याही ब्रँडच्या सध्या चालू जाहिराती तिथे फुकट दिसतात. एखाद्या स्पर्धकाची जाहिरात महिनोन्‌महिने चालू असेल तर ती त्याला परवडतेय असं समजायला हरकत नाही. उतरवून घेऊ नका, ती कुठल्या अडचणीला हात घालतेय ते पाहा.

सुरुवातीला तीन-चार रील एकाच गटाला दाखवा. प्रत्येकासाठी वेगळा जाहिरात संच (ॲड सेट) करून पैसा पातळ करू नका. यंत्रणेला शिकायला एका संचात आठवड्याला साधारण ५० निकाल लागतात, असं मेटाच सांगते. छोट्या बजेटमध्ये तेवढ्या खरेद्या होत नाहीत. म्हणून संदेश किंवा ‘कार्टमध्ये घातलं’ अशी आधीची पायरी निवडावी लागते. एकदा लावलं की तीन-चार दिवस हात लावू नका. रोज सकाळी बजेट बदलणारा माणूस यंत्रणेला रोज पहिल्या इयत्तेत बसवतो.

गटाच्या निवडीत फार बारकावे नकोत. शहर, वय, भाषा एवढं पुष्कळ. चांगलं रील आपलं गिऱ्हाईक आपणच वेगळं काढतं, ज्याला चकली करायची नाही तो थांबतच नाही. मात्र महाराष्ट्राबाहेरचे मराठी विसरू नका. इंदूर, बडोदा, बेळगाव, बंगळुरू, हैदराबाद इथे चांगली भाजणी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही.

ठिकाणानुसार जाहिरात किती पुढे जाते ते बघायचं तर कॅडबरीचीच २०२१ची दिवाळी पाहा. शाहरुख खान एकेका भागातल्या खऱ्या दुकानांची नावं घेतो, अशी जाहिरात कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवली आणि छोट्या दुकानदारांना स्वतःची आवृत्तीही करून दिली. तुमच्याकडे शाहरुख नाही, पण ‘नाशिककरांसाठी शेवटची गाडी गुरुवारी’ असं शहरागणिक वेगळं वाक्य लिहायला काही पैसे पडत नाहीत.

इन्फ्लुएन्सर

लाखभर फॉलोअरवाल्यापेक्षा दहा-पंधरा हजारांची, खरोखर स्वयंपाक करणारी बाई बरी. तिच्या पोस्टखालच्या प्रतिक्रिया वाचा. नुसते बदाम आणि आगीचे इमोजी असतील तर सोडा, ‘ताई, तांदूळ कुठला घेतला?’ असे प्रश्न असतील तर बोला. संहिता देऊ नका, भाजणी द्या आणि पहिला घाणा कॅमेऱ्यासमोर तळायला सांगा.

पैसे दिले किंवा माल फुकट दिला, दोन्ही वेळा ती जाहिरातच. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या एएससीआयचे २०२१पासूनचे नियम सांगतात की तसं स्पष्ट लिहायला हवं, हॅशटॅगच्या गर्दीत लपवून नाही. मराठी रील असेल तर मराठीत ‘जाहिरात’ लिहा. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ही पट्टी किमान तीन सेकंद आणि दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत किमान एक तृतीयांश वेळ दिसायला हवी.

जिभेला लगाम

खाद्यपदार्थाच्या जाहिरातीला एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचे २०१८चे दावे आणि जाहिरातींचे नियम लागू होतात. ‘मधुमेह बरा होतो’, ‘वजन उतरतं’ असलं काही लिहायचं नाही. ‘१०० टक्के शुद्ध’सुद्धा नको, २०२५ साली याच संस्थेने ‘१०० टक्के’ शब्द लेबल आणि जाहिरातीतून टाळायला सांगितलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, नंतर ५० लाखांपर्यंत. परवान्याचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर आणि ऑनलाइन कॅटलॉगमध्येही दिसू द्या. ‘अमक्यांच्या भाजणीत रंग असतो’ असं नाव घेऊन म्हणणं तर वकिलाच्या फीला आमंत्रण.

मोहीम चालू असताना

या महिन्यात जाहिरातीपेक्षा उत्तरं महत्त्वाची. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये दर, पोचण्याची तारीख आणि साहित्य यांची तयार उत्तरं घालून ठेवा, पण चकलीच्या फोटोला मात्र माणसानेच उत्तर द्यायचं. नऊ वाजता आलेल्या फोटोला अकराला उत्तर गेलं तर तोवर कढई उतरलेली असते. रोज सकाळी उरलेला माल मोजा आणि तो संपत आला की जाहिरात त्याच दिवशी बंद करा.

जुन्या गिऱ्हाइकांना ब्रॉडकास्ट पाठवताना दोन गोष्टी ध्यानात हव्यात. एका यादीत २५६ जण मावतात आणि ज्याने तुमचा नंबर जतन केलाय त्यालाच संदेश पोचतो. म्हणून पाकिटावर छापा : ‘हा नंबर काकू भाजणी म्हणून सेव्ह करा.’ कुणाकडून विकत घेतलेल्या नंबरांच्या यादीला हात लावू नका. ती माणसं तुम्हाला ब्लॉक करतात, तक्रारी वाढल्या की व्हॉट्सअ‍ॅप नंबरच बंद करतं, तेही ऐन धनत्रयोदशीला. शिवाय २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या मुळाशी संमतीच आहे.

मोजमाप

मेटा म्हणेल तिच्यामुळे इतक्या ऑर्डर आल्या, गूगल म्हणेल तितक्या त्याच्यामुळे. दोन्ही बेरजा एकत्र केल्या तर एकूण विक्रीपेक्षा जास्त भरतात. म्हणून रोजचा साधा तक्ता ठेवा : एकूण ऑर्डर, त्यात नवे किती, जुने किती, एकूण जाहिरात खर्च. खर्चाला नव्या गिऱ्हाइकांनी भागा. हा आकडा २६३च्या आत आहे की नाही, एवढंच रात्री बघायचं.

आणखी खात्री हवी तर साधारण सारखी विक्री असलेली दोन शहरं घ्या, समजा नाशिक आणि कोल्हापूर. आठवडाभर एकातली जाहिरात बंद ठेवा. तिथली विक्री फारशी पडली नाही, तर त्या ऑर्डर जाहिरातीशिवायही येत होत्या असं समजा आणि तिथला पैसा दुसरीकडे वळवा. हा प्रयोग कोजागिरीनंतर लगेच करायचा, धनत्रयोदशीच्या आठवड्यात नाही.

तुळशीचं लग्न झालं की ज्यांनी संमती दिली त्यांना एकच संदेश पाठवा. सूट नको. ‘चकली कशी झाली?’ एवढं विचारा. ज्यांनी उत्तर दिलं त्यांनाच डिसेंबरात थालीपिठाच्या भाजणीचा फोटो आणि दर जाऊ द्या. चकलीची भाजणी बहुतेक घरांत वर्षातून एकदा लागते, थालीपिठाची दर महिन्याला. नव्या गिऱ्हाइकावर १६७ रुपये लावणं खरं परवडतं ते या दुसऱ्या पाकिटावर, कारण त्याला जाहिरातीचा खर्च पडत नाही.